मित्र गेला, गाडी उरली: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

जुन्या गाड्यांच्या क्लबातला सोबती गेल्यावर त्याची गाडी, सुटे भाग आणि आठवण यांचं काय करायचं, याविषयी आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: आमच्या क्लबातले एक ज्येष्ठ सोबती गेले. त्यांची १९५८ची मॉरिस मायनर १००० त्यांच्या आजारपणापासून, म्हणजे दोन वर्षं, गॅरेजमध्ये उभी आहे. पहिल्या स्मृतिदिनी ती रस्त्यावर यावी अशी त्यांच्या पत्नीची इच्छा आहे. हाताशी सहा आठवडे आहेत. बॅटरी चार्ज करून सेल्फ मारून पाहावा का?

सेल्फ इतक्यात मारू नका. दोन वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं खरं नुकसान बहुधा सुरू करायच्या घाईत होतं. आणि या गाडीत इंजिनाआधी ब्रेक पाहायचे असतात, कारण सुरू झालेली गाडी दोन पावलं पुढे-मागे करायचा मोह कोणालाच आवरत नाही.

पुसायलाही लगेच घेऊ नका. आधी फोटो काढा: बॉनेटखालचा प्रत्येक कोपरा, वायरींवरच्या चिकटपट्ट्या, खडूच्या खुणा. पन्नास-साठ वर्षांत गाडीत झालेले बदल मॅन्युअलमध्ये नसतात. ते मालकाच्या डोक्यात होते आणि आता फक्त गाडीवर उरलेत. सर्वांत महत्त्वाचा बदल विजेचा. ही गाडी कारखान्यातून पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, येत असे, पण पुढे अनेकांनी ती निगेटिव्ह करून घेतली. बॅटरीची जाड पट्टी बॉडीला कोणत्या टोकापासून जाते ते पाहा. बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक निगेटिव्हपेक्षा थोडं जाड असतं. बॅटरी आधीच काढून ठेवलेली असेल तर कॉइल पाहा. तिच्यावर अधिक-उणे खुणा असतील आणि अधिक टोकाची वायर डिस्ट्रिब्युटरकडे जात असेल, तर गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर दिसला तर ती जवळजवळ नक्की बदललेली आहे. इथे चूक झाली की अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात.

आता ब्रेक. चारही चाकांना ड्रम, हायड्रॉलिक सर्किट एकच. म्हणजे एक जुना रबरी पाइप फुटला तरी चारही चाकांचा ब्रेक जातो आणि हातब्रेक तेवढा उरतो. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसिसच्या पोकळ भागात आहे. गालिचा उचलल्याशिवाय तो दिसतही नाही, म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतो. ब्रेक ऑईल हवेतली वाफ शोषतं, तळाशी गंज धरतो आणि पिस्टन चिकटतो. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन आणि मागच्या प्रत्येकाला एक असे सहा व्हील सिलिंडर आहेत. सहाही उघडा. आतली भिंत गुळगुळीत असेल तर नवे रबर पुरेत. नखाला खड्डा लागला तर सिलिंडरच बदला. घासून गुळगुळीत करायला गेलात की व्यास वाढतो आणि महिन्याभरात गळती लागते. तीन रबरी होस वरून कितीही चांगले दिसोत, बदलाच. ते आतून फुगतात. मग पायाच्या जोराने तेल चाकाकडे जातं, पण परत येत नाही. पेडल सोडल्यावर चाक जाम राहिलं आणि त्या चाकाचा हवा काढायचा निपल सैल करताच मोकळं झालं, तर संशय होसवर घ्यायचा. सगळी चाकं एकदम जाम राहत असतील तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक बुजलं असेल, किंवा पेडलला मोकळी चाल राहिली नसेल.

ब्रेकचे शू ड्रमला गंजून चिकटले असतील तर अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करा आणि लाकडी किंवा रबरी हातोडीने ड्रमवर सगळीकडून ठोका. लोखंडी हातोडीने ड्रमची कड उडते. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याआधी शू ड्रमला घट्ट टेकवून ठेवलेत तर पेडल लवकर कडक होतं. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करायची. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑईल एक लिटर पुरे. त्यात सिलिकॉनवालं डॉट ५ मिसळायचं नाही.

गाडी घोडीवर आहे तोवर पुढच्या चाकांचे ट्रनियन पाहून घ्या. मायनरमध्ये किंगपिनच्या, म्हणजे चाक जिच्यावर वळतं त्या उभ्या खुंटीच्या, दोन्ही टोकांना आटे असतात आणि ते ट्रनियन नावाच्या सांध्यांमध्ये फिरतात. ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात, आणि एके दिवशी वळणावर चाक बाहेर पडून गाडी नाकावर बसते. चाक वर-खाली हलवून ढिलाई पाहा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन चालवा. निपल ग्रीस घेत नसेल तर तो बदला. ‘घेतलं असेल’ असं समजून पुढे जाऊ नका.

पेट्रोलला वार्निशसारखा वास येत असेल तर टाकी रिकामी करा. हे काम उघड्यावर, बॅटरी सोडवून आणि जवळ अग्निशामक ठेवूनच करायचं. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुने रबरी पाइप मऊ करतं, त्यामुळे पाइप इथेनॉलला टिकणारेच घ्या. एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप बॉनेटखाली असतो. चावी फिरवल्यावर तो टकटक करून थांबायला हवा. आवाजच नसेल तर पंपातले पॉइंट, म्हणजे विजेचे संपर्क, चिकटलेत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकल्यावर बहुतेक वेळा चालू होतो, पण तो इलाज घरी पोहोचण्यापुरता, पॉइंट साफ करावेच लागतात. थांबतच नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय, नाहीतर कार्ब्युरेटरची सुई बसत नाही. कार्ब्युरेटरचा पिस्टन बोटाने उचलून सोडा. ‘टक’ असा कोरडा आवाज करत खाली पडला तर ठीक. अडकत उतरला तर वरची घुमटी काढून स्पिरिटने पुसा. पॉलिश पेपर तिथे नेऊच नका.

मग इंजिन. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली, पातळ तेल सोडा आणि रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढून बसणाऱ्या हँडलने इंजिन फिरवा. अडलं तर जोर लावू नका. आणखी तेल, आणखी दोन दिवस. दुसऱ्या गाडीने ओढून इंजिन सोडवायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. त्यात रिंग तुटतात. फिरू लागलं की रॉकर कव्हर काढा आणि आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतात का ते डोळ्यांनी पाहा. एक जरी अडकला असेल आणि सेल्फ मारलात, तर पुशरॉड वाकलाच. रॉकरवर पेलाभर ताजं तेल ओता. थंड इंजिनात टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली, फट ०.३० मिमी. मोजताना नऊची बेरीज वापरा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला, सातवा दाबलेला असताना दुसरा, असं.

तेल २०डब्ल्यू-५०, फिल्टरसकट सुमारे ३.७ लिटर. प्लगची फट ०.६४ मिमी, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची ०.३८ मिमी. पॉइंटवर दोन वर्षांत पांढरट थर बसतो. बारीक पेपरची एक फेरी आणि मग स्पिरिटचं फडकं. कंडेन्सर चालत असेल तर हात लावू नका; नवा म्हणून मिळणारा अनेकदा जुन्याहून कच्चा निघतो. पाणी रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हीकडून काढा. ब्लॉकचा नळ उघडूनही पाणी आलं नाही तर तिथे गाळ आहे; तारेने टोकरा. रेडिएटर उलट्या दिशेने धुवा. कूलंट जुन्या पद्धतीचं निळं घ्या, पितळ आणि कथलाचे सांधे त्यात टिकतात.

आता प्लग काढलेले असतानाच दहा-दहा सेकंद सेल्फ मारून तेलाचा दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवा. दिवा विझला की प्लग लावा आणि सुरू करा. पहिली १५ मिनिटं १२०० ते १५०० फेऱ्यांवर ठेवा. आयडलला घुरघुरत ठेवलेल्या थंड इंजिनात पेट्रोल तेलात उतरतं. गियर पडतच नसेल तर क्लच प्लेट चिकटली आहे. पेडल लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवा, इंजिन गरम करून बंद करा, रात्रभर तसंच राहू द्या. दोन-तीनदा असं केल्यावर बहुधा सुटते.

टायरच्या कडेला डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहा: २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाआधीचा आहे. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांपुढचा टायर या फेरीला नको.

वळण्याची खूण दाखवणारे हात, म्हणजे ट्रॅफिकेटर, या गाडीत दारांमधल्या खांबातून बाहेर येतात. मायनरला लुकलुकणारे दिवे १९६१पासून आले. हात अडकला तर नखाने ओढू नका, बिजागरीवर पातळ तेलाचा एक थेंब पुरे. मागच्या ड्रायव्हरला ही खूण कळेलच असं नाही, म्हणून हाताने इशारा द्याच.

सहा आठवड्यांतले पहिले तीन ब्रेक आणि पुढच्या चाकांना, पुढचा एक पेट्रोल आणि इंजिनाला, उरलेले दोन चाचणीला. आधी एक किलोमीटर, मग पाच, मग वीस. प्रत्येक फेरीनंतर चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहा. एकच तापला असेल तर तिथला शू परत येत नाही. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर तेल पुन्हा बदला, कारण नव्या तेलाने जुना गाळ सुटलेला असतो. आणि त्या दिवशी गाडी चालवणाऱ्याला हे माहीत असू द्या की पहिल्या गियरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गियर अलगद बसवणारी सोय, नाही: गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. चारचौघांसमोर, त्या बाईंच्या शेजारी बसून, गियर किरकिरवणं बरं दिसत नाही.

प्रश्न: मित्राच्या स्मरणार्थ वीस गाड्यांचा ताफा पाच किलोमीटर चालण्याच्या वेगाने न्यायचा बेत आहे. गाड्या १९२५ ते १९७०च्या. दिवे लावलेले, वाटेत सर्वांनी इंजिन बंद करून एक मिनिट स्तब्धता, आणि पहिल्या गाडीमागे त्याच्या गाडीची जागा मोकळी. काही राहिलं आहे का?

भावना पोहोचली. पण यातल्या चारही गोष्टी जुन्या गाड्यांच्या प्रकृतीच्या विरुद्ध आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

चालण्याचा वेग म्हणजे ताशी पाच किलोमीटर. बहुतेक गाड्या पहिल्या गियरमध्ये आयडलवरसुद्धा याहून जोरात जातात, म्हणून चालक क्लच अर्धवट दाबून ठेवतो. पाच किलोमीटर असं चालल्यावर कुणाची तरी प्लेट जळणारच. शिवाय या गाड्यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. वेग नाही, फेऱ्या नाहीत, म्हणून वाराही नाही. फोर्ड मॉडेल टीसारख्या पंप नसलेल्या गाडीत पाणी फक्त गरम-थंडच्या फरकावर फिरतं, ती सर्वांत आधी उकळते. ताफा ताशी २५ ते ३० किलोमीटरने न्या आणि शेवटचे दोनशे मीटर सावकाश. तिथेही पुढच्या गाडीला पंधरा-वीस मीटर जाऊ द्यायचं, मग क्लच पूर्ण सोडून तेवढं अंतर कापायचं आणि पुन्हा थांबायचं. काटा चढू लागला तर हीटर पूर्ण उघडा. आतल्यांना त्रास होतो, पण तो एक छोटा जादा रेडिएटरच असतो.

दिव्यांचं गणित पाहा. दोन हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून साधारण १०० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला आठ अँपिअरहून जास्त आणि ६ व्होल्टला सोळाहून जास्त. आयडलला डायनॅमो काहीच भरत नाही, त्याला बॅटरीशी जोडणारा कटआउट उघडाच असतो. म्हणजे सगळा भार बॅटरीवर. पाऊण तासात ६ व्होल्टची बॅटरी १२ अँपिअर-तास गमावते, आणि त्यानंतर तुम्ही इंजिन बंद करायला सांगणार आहात! दिवसाउजेडी फक्त साइडलाइट लावा. हेडलाइट पहिल्या आणि शेवटच्या गाडीचेच, आणि त्या दोन गाड्या अल्टरनेटरवाल्या निवडा.

स्तब्धता मिनिटभराची ठरते आणि भाषणासकट दहा मिनिटांची होते. तेवढ्यात बंद इंजिनाची उष्णता वर चढते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळायला लागतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावर कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांचे हाल जास्त. अशी गाडी सुरू करताना चोक ओढायचा नाही आणि अ‍ॅक्सिलरेटर पंपासारखा दाबायचा नाही. तो तळापर्यंत दाबून तसाच धरायचा, मग सेल्फ मारायचा आणि इंजिनाने धरलं की सोडायचा. पण हे सांगत बसण्यापेक्षा स्तब्धता निघण्याआधी पाळा, सगळी इंजिनं थंड आणि बंद असताना. मग सर्वांत जुन्या गाडीपासून एकेक सुरू करत जा. ते ऐकायलाही चांगलं वाटेल आणि धक्का मारायला कुणाला उतरावं लागणार नाही.

मोकळी जागा रस्त्यावर ठेवलीत तर मिनिटभरात तिथे एखादी डिलिव्हरी व्हॅन येईल. ती जागा जिथे गाड्या लावणार तिथे ठेवा. तीन मीटर बाय सहा मीटरची आखणी, तीही आदल्या दिवशी, म्हणजे उशिरा आलेला कुणी तिथे गाडी घुसवणार नाही.

क्रम वयाने लावू नका, ब्रेकने लावा. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९च्या मॉडेलपासून दिले. त्याआधीच्या फोर्डला आणि तारेवरच्या ब्रेकच्या ऑस्टिन सेव्हनला थांबायला बरंच अंतर लागतं. डिस्क ब्रेकची गाडी त्यांच्या पुढे असेल तर ती थांबते आणि मागची तिच्यावर जाते. सर्वांत हळू आणि सर्वांत कमजोर ब्रेकच्या गाड्या पुढे, चांगल्या ब्रेकच्या मागे. वीस गाड्यांचा एकच ताफा सिग्नलला तुटतोच, म्हणून पाच-पाचचे चार गट करा. प्रत्येक वळणावर पुढच्या गटातला एकजण उतरून उभा राहील आणि शेवटची गाडी गेल्यावर निघेल. शेवटच्या गाडीत हाताने काम करणारा माणूस हवा. सोबत ओढायची दोरी, वीस लिटर पाणी, फॅन बेल्ट, प्लग, वायर आणि अग्निशामक. जवळच्या नात्यातल्या कोणाला त्या दिवशी स्टिअरिंगवर बसवू नका.

प्रश्न: मित्राच्या घरी दोन कपाटं भरून सुटे भाग आणि पाने (स्पॅनर) आहेत. घर रिकामं करायचं आहे. आम्ही क्लबातले चौघे मदत करणार आहोत. काय ठेवावं, काय टाकावं?

पहिल्या दिवशी काहीही टाकू नका आणि डबे एकमेकांत ओतू नका. एका डब्यात एकत्र सापडलेले तीन बोल्ट, एक स्प्रिंग आणि एक वॉशर बहुधा एकाच जोडणीचे असतात. डबा वेगळा केला की ही माहिती गेली. प्रत्येक डब्याला क्रमांक द्या, उघडून वरून फोटो घ्या आणि कुठल्या फळीवर होता ते लिहा. त्याच्या हातची चिठ्ठी आत असेल तर ती त्याच डब्यात राहू द्या.

ओळख पटवायला भागांवरच बरंच कोरलेलं असतं. ल्युकास कंपनीच्या डायनॅमो आणि डिस्ट्रिब्युटरवर भाग-क्रमांकासोबत तारीख ठोकलेली असते. पन्नाशीच्या दशकातल्या भागावर १० ५४ दिसलं तर ऑक्टोबर १९५४. असा भाग ज्या गाडीच्या काळाशी जुळतो तिच्या मालकाला तो हवाच असतो. एसयू कार्ब्युरेटरच्या सुईच्या दांड्यावर अक्षरं असतात. भिंगातून पाहा आणि सुई वाकणार नाही अशा नळीत ठेवा. बेअरिंगवरचा आकडा जगभर एकच: ६२०३ म्हणजे आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिमी.

पाने तीन ढिगांत पडतील. मिमीचे सगळ्यांना कळतात. इंची पान्यावर आकड्यापुढे एएफ असेल तर तो आकडा नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचा आकडा मात्र बोल्टच्या जाडीचा, म्हणून पाव इंची व्हिटवर्थ पाना प्रत्यक्षात १३.३ मिमी उघडा असतो. तो ‘१३चा झिजलेला’ समजून भंगारात जातो, आणि मग कुणीतरी खऱ्या १३च्या पान्याला तो नट बसत नाही म्हणून पकड लावून गोल करून ठेवतं. एमजी टी मालिकेच्या एक्सपीएजी इंजिनात तर आटे मेट्रिक आणि नटाचं डोकं व्हिटवर्थ मापाचं. अशा गाडीच्या मालकाला हा संच आधी विचारा.

जुना पण न वापरलेला माल सगळाच सोन्याचा नसतो. गियर, शाफ्ट, बेअरिंग (जुनं ग्रीस धुऊन), पितळी जेट, काचा आणि दिव्यांच्या कडा उत्तम. ब्रेकचे रबर, होस, डायफ्राम, पट्टे हे सीलबंद पुडीत असले तरी गाडीत घालू नका. रबर पुडीतही म्हातारं होतं. पुडी मात्र ठेवा, तिच्यावरचा क्रमांक कामाला येतो. तांब्याचे वॉशर लाल तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ होतात. जुने ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि एक्झॉस्टचं पॅकिंग अ‍ॅस्बेस्टॉसचं समजून ओलं करून दुहेरी पिशवीत बांधा आणि घातक कचऱ्यातच द्या.

भाग आपापसांत वाटून घेण्याआधी यादी कुटुंबाच्या हातात द्या आणि किंमत चौघांपैकी कोणी ठरवू नका. हे कटू वाटेल, पण मित्राच्या कपाटावरून फुटलेले क्लब कमी नाहीत.

प्रश्न: गेलेल्या मित्राच्या नावाची पितळी पट्टी त्याच्या गाडीवर लावायची आहे. कुठे आणि कशी?

भोक न पाडता. जुन्या पत्र्याला नवं भोक पाडलं की रंगाची कड उघडी पडते आणि गंज तिथूनच आत शिरतो. डॅशबोर्डच्या किंवा ग्लव्हबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आधीच असलेल्या स्क्रूखाली पट्टी बसेल अशी करून घ्या. जाडी दीड मिमी, अक्षरं कोरलेली. नुसती छापलेली अक्षरं पॉलिशने वर्षभरात जातात. पट्टी पत्र्याला थेट टेकवू नका. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये पातळ रबर आणि नायलॉनचे वॉशर. पुढे जाळीवरच हवी असेल तर बंपरच्या कंसांना क्लॅम्पने बसणारा आडवा बार घ्या आणि पट्टी रेडिएटरच्या वाऱ्यात येणार नाही इतकी लहान ठेवा. गाडीची मूळ चॅसिस पट्टी कोणत्याही कारणाने हलवू नका.

प्रश्न: क्लबाच्या नियतकालिकात गेलेल्या मित्रावर लेख लिहायचा आहे. ‘मनमिळाऊ, हसतमुख’ याच्या पुढे लेखणी सरकत नाही.

मग ते दोन शब्द खोडा आणि त्याचे हात आठवा. तो टॅपेटचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह ते सांगायचा का? प्लगचा रंग पाहून मिश्रण जाड की पातळ ते ओळखायचा का? कोणती गाडी, कोणत्या अवस्थेत आली, त्याने तिच्यात काय बदललं आणि काय मुद्दाम बदललं नाही? कोणत्या बाबतीत तो हट्टी होता? इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या विरोधात तो बोलायचा तर त्याची कारणं लिहा. तुम्हाला पटत नसली तरी त्याचीच लिहा. क्लबातल्या पाचजणांना एकच प्रश्न विचारा: त्याने तुला कोणतं काम शिकवलं? पाच उत्तरांत लेख उभा राहतो, आणि एखादं उत्तर इतकं उपयोगी निघतं की ते सबंध छापावं.

सालं गाडीच्या कागदांवरून आणि फोटोंच्या मागच्या मजकुरावरून तपासा. क्लबातल्या गप्पांमध्ये प्रत्येक गाडी पाच वर्षांनी जुनी होते. फोटो ६०० डीपीआयने स्कॅन करा आणि मागची बाजूही स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. घरचा पत्ता, चॅसिस क्रमांक, सुटे भाग कुठे ठेवलेत हे छापू नका. मालक नसलेल्या गाडीवर नजर ठेवणारे वाचकही असतात. आजाराचा उल्लेख घरच्यांना विचारूनच. लेख छपाईला जाण्याआधी त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न: बॉनेटखाली मित्राने रंगाच्या मेणपेन्सिलीने फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) आणि टॅपेटची मापं लिहिली आहेत. नवा मालक तो भाग रंगवणार म्हणतो.

रंगवायचा असेल तर बाकीचा रंगवा, तेवढा चौकोन झाकून. मेणाच्या पेन्सिलीची अक्षरं पेट्रोल, स्पिरिट, डिग्रीझर, वाफेचा झोत यांपैकी कशानेही जातात, म्हणून धुताना त्यावर मासिकाचं गुळगुळीत पान चिकटपट्टीने लावा. चिकटपट्टी अक्षरांपासून दूर ठेवा. वरून लॅकर मारायचा विचार असेल तर आधी कोपऱ्यातल्या एका आकड्याच्या टोकावर करून पाहा, बरेच लॅकर मेण विरघळवतात. आणि मापं खरी आहेत का ते मॅन्युअलशी ताडून पाहा. वेगळी निघाली तर खोडू नका: त्याने व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट बदललेला असू शकतो.

प्रश्न: मित्राची गाडी विकायची नाही, चालवायचीही नाही, नुसती ठेवायची आहे. त्याचा मुलगा दर रविवारी पाच मिनिटं सुरू करतो. बरोबर आहे ना?

नाही. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. जळलेल्या पेट्रोलमधलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात साचतं, सायलेन्सर आतून गंजतो आणि तेलाच्या झाकणाखाली पांढरा लोणी-थर जमतो. महिन्यातून एकदा तीस किलोमीटर चालवा, नाहीतर अजिबात सुरू करू नका. ठेवायचीच असेल तर आधी तेल बदला, कारण वापरलेल्या तेलातलं आम्ल बेअरिंग खातं. लोखंडी टाकी काठोकाठ भरून त्यात स्टॅबिलायझर घाला आणि तो कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल इतकं इंजिन चालवा. हातब्रेक सोडा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. टायरमध्ये नेहमीपेक्षा दहा पीएसआय हवा जास्त भरा, क्लच पेडल ठोकळ्याने दाबून ठेवा, बॅटरी काढून बाहेर चार्जवर. एअर फिल्टरच्या आणि सायलेन्सरच्या तोंडात तेलकट फडकं कोंबा, नाहीतर उंदीर घर करतात, आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा: ‘फडकी काढल्याशिवाय सुरू करू नये, क्लचखाली ठोकळा आहे.’ अंगावर प्लास्टिक नको, आतून घाम धरतं. सुती आच्छादन घाला. मुलाला रविवारी काही करायचंच असेल तर प्लग काढून हँडलने दोन फेऱ्या फिरवू द्या.